रिकामा टॉवेल

झीनत: आणि ही? ‘पोटावरून गोल हात फिरवला, म्हणजे मालक आला.’

नंदिनी: पिवळ्या टॉवेलवर. खुणांच्या चिठ्ठ्या सगळ्या पिवळ्यावर.

झीनत: ‘अंगठा तोंडाकडं नेला, म्हणजे चहा.’

नंदिनी: पिवळ्यावर.

झीनत: ही तर मला लई आवडते. हे बघा काका, अशी बोटं घासली, म्हणजे...

बिभीषण: धागा तुटला. ठेव पिवळ्यावर. आता मलाबी पाठ झालं की! पर पोरींनो, टावेल कारखान्यातल्या खोटीचे, सेकंडचे आसले तरी धुतल्याले हायत. शाई सांडली तर नंदूची आई तुमाला काय म्हणायची न्हाय, मलाच धुवून वाळत घालील.

नंदिनी: पेन्सिलनं लिहिलंय सगळं, अण्णा. तुम्ही आत्ताच मागावरून आलाय, टाळांना गोंडे बांधा निवांत. आम्हाला आज हे लावून संपवायचंच आहे. परवापर्यंत आराखडा मॅडमकडं गेला नाही, तर परिषदेत आमचा पेपर नाही.

बिभीषण: संपतंय की! पर मला एक सांगा. एवढ्या चिठ्ठ्या, एवढी पुस्तकं. म्हणायचं काय हाय तुमाला? एका वाक्यात सांगा बघू.

झीनत: एका वाक्यात? काका, एवढा मोठा पेपर आहे!

बिभीषण: मग? बुवांपाशी काय कमी आसतंय व्हय? पोतंभर अभंग पाठ आसत्यात. पर नारदाच्या गादीवर उभं ऱ्हायलं की सेवेला घेत्यात एकच. दोन तास त्या एकाचीच उकल. बाकीचे समदे त्याच्या पाठीमागं उभं करायचे, प्रमाण म्हणून. ज्यो बुवा पोतंच उलटं करतो, त्येच्या कीर्तनात मानसं तंबाखू मळत बसत्यात.

झीनत: मॅडम पण हेच म्हणतात. मुख्य विधान एक, बाकी संदर्भ त्याच्या मदतीला.

बिभीषण: कीर्तनाला जात आसत्याल तुमच्या मॅडम.

नंदिनी: बरं, मग ऐका आमचा सेवेचा अभंग. ‘यंत्रमागाच्या आवाजात तोंडानं बोललेलं ऐकू जात नाही, म्हणून अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कामगारांनी हाताची एक बोलीच तयार केलीय.’

बिभीषण: वा! बेस झालं. एकदम चालीवर बसलं.

झीनत: अर्धंच बसलं. मॅडमनी काय विचारलं होतं, नंदू? ‘माग बंद झाल्यावर, घरी गेल्यावरसुद्धा ही माणसं हातानंच का बोलतात?’ त्याचं काय?

नंदिनी: सवय म्हणू या.

झीनत: सवय कशी म्हणू या? हिरव्या टॉवेलवर बघ. डॉक्टरांचे लेख, सरकारी अहवाल, सगळे एकच सांगतात. वर्षानुवर्षं त्या खडखडाटात उभं राहिलं की कान जातात. आपलं विधान इथं येऊन थांबतं. पांढरा टॉवेल मी मुद्दाम मांडलाय, कामगारांनी स्वतः सांगितलेल्या कानाच्या गोष्टींसाठी. आणि तो रिकामा आहे.

बिभीषण: कानाचं कशाला काढताय मधीच? खुणांचं ग्वाड चाललंय की.

झीनत: गोड आहे म्हणूनच भीती वाटते, काका. लोक हसतील, टाळ्या वाजवतील आणि घरी जातील. निळ्या टॉवेलवर मुलाखती आहेत. ज्याला विचारलं तो म्हणतो, कान ठणठणीत. तुमच्या भजनी मंडळाचे हरिबा मामा तर ‘ठणठणीत’ असं ओरडले, की शेडवरची कबुतरं उडाली.

बिभीषण: हा हा! हरिबाचा गळा हाय तसा. आमच्या मंडळाचा मुकादम शोभतो.

नंदिनी: मग असं करू या का? ‘एका कामगाराने सांगितले’ असं लिहू. नाव लपवलं तरी चालतं, मॅडमच म्हणाल्या. कुणीतरी तयार होईल.

बिभीषण: मॅडमचं चालत आसंल. मला पटत न्हाय. नाव न्हाय तर प्रमाण कसलं? अभंगाच्या शेवटच्या चरणात नाव येतंय का न्हाय? ज्येनं भोगलं त्येनं खाली नाव टाकलं, म्हणून आपुन आजबी डोकं टेकतो. बिननावाचं म्हंजे चावडीवरच्या गप्पा.

नंदिनी: अण्णा, आता नाव कुठून आणू?

बिभीषण: ते मला काय म्हाईत. मी आपला टाळकरी. मंद्रूपच्या सप्त्याला आठ दीस ऱ्हायल्यात, गोंडे झाले पायजेत. बुवांच्या उजव्या हाताला पयली जागा हाय आपली! येकच वांदा हाय. काल्याला यंदा ते मिशीवाले बुवा हायत म्हणं.

झीनत: मिशीचा काय त्रास, काका?

बिभीषण: इद्वान हायत, बाई. पर माझं मन लागत न्हाय. तोंडावर एवढं गवत वाढल्यावर ग्यान बाहीर पडायचं कुटनं? चला, बांधतो मी. तुमी तुमची सेवा करा.

(बिभीषण खाली मान घालून गोंडे बांधू लागतो. दोघी पाठमोऱ्या, चिठ्ठ्यांवर वाकलेल्या.)

झीनत: तुझे अण्णा पण कमाल आहेत. मिशीमुळं बुवा नापास!

नंदिनी: आधीपासून तसेच आहेत. मंडळवाले मोबाईलवर कीर्तनं पाठवतात, तर ऐकत नाहीत. म्हणतात, डब्यातली भाकरी कोण खाणार. मी हौसेनं इअरफोन आणले, ते आईच्या शिलाईच्या डब्यात पडलेत. आणि टाळ धरायचा नसेल तेव्हा कीर्तनाला गेले की पहिल्या रांगेत, बुवांच्या तोंडासमोर. मागं बसा म्हटलं तर उठून घरी येतील.

झीनत: नंदू.

नंदिनी: काय?

झीनत: एक मिनिट. मी लिहिते. पहिली चिठ्ठी, मिशीवाले बुवा नकोत. दुसरी, नुसतं ऐकायचं कीर्तन नको. तिसरी, समोरच बसायचं. आता तू सांग, ह्या चिठ्ठ्या कुठल्या टॉवेलवर ठेवू?

नंदिनी: झीनत, नको ना. काहीतरीच तुझं. मघाशी त्यांनी धागा तुटल्याचं तुझ्या आधी सांगितलं की.

झीनत: मी बोटं घासून दाखवली होती. तोंडातून शब्द कुठं निघाला होता माझ्या?

नंदिनी: हळू बोल. ते इथंच बसलेत.

झीनत: हौ, इथंच बसलेत. दोन हातांवर. आणि एवढा वेळ आपण त्यांच्याबद्दलच बोलतोय. एकदा तरी मान वर केली का त्यांनी?

नंदिनी: अण्णा? ...अण्णा!

झीनत: ओरडू नको. समोर जा.

नंदिनी: घरात आम्ही सगळेच हातानं बोलतो, झीनत. चहा हातानं, जेवायला चला हातानं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच असतं. हा विषय मला सुचला तो त्यातूनच. आणि एवढं सगळं गोळा केलं, तरी मला हे दिसलं नाही.

झीनत: तू त्यांची मुलगी आहेस. मी पाहुणी. पाहुण्यांना दिसतं.

बिभीषण: काय गं? उठलीस का? झालं संपून? तोंड का आसं झालंय तुझं?

नंदिनी: अण्णा, मी मघाशी दोनदा हाक मारली. तिथूनच, पाठमोरी.

बिभीषण: मारली आसशील. ध्यान न्हवतं. गोंड्यात हुतं.

नंदिनी: अण्णा.

(बिभीषण हातातला टाळ खाली ठेवतो.)

नंदिनी: कधीपासून?

बिभीषण: आता कदीपासनं म्हणून काय सांगू? दिवा जातो तसं एकदम थोडंच जातंय? वात बारीक बारीक होत ऱ्हाती. पयल्यांदा चिमण्या गेल्या. मी म्हटलं, ह्या साली पाखरं कमी झाल्याती. मग विणा गेला. विण्याची तार लई बारीक वाजती बग. मृदंग हाय आजून. मृदंग कानानं ऐकायचा नसतोच, ह्यो हितं छातीत वाजतो.

झीनत: आणि टाळ, काका? तुमचा टाळ कसा चुकत नाही?

बिभीषण: चुकलाय का कदी? इचार कुणालाबी! मृदंगवाल्याचा हात बगायचा, बुवांचं तोंड बगायचं, पायाखाली जमीन आसतीच की. टाळात मला हारवणारा आजून जन्माला आला न्हाय. पर हरिबाला कळलं ना, तर म्हणंल, बिभीषणा, दमलास आता, सतरंजीवर बस. मायेनंच म्हणंल. त्येचीच भ्या वाटती. मला शिव्या घाला, पर माझी जागा काढू नका.

नंदिनी: कुणी काढणार नाही. तुमचं नाव कुठंही येणार नाही, अण्णा. खुणांचाच पेपर करू. झीनत, उचल तो पांढरा टॉवेल.

झीनत: उचलते. काकांच्या जागेपेक्षा पेपर मोठा नाही.

बिभीषण: थांब. ठेव खाली त्यो टावेल.

नंदिनी: अण्णा, राहू दे.

बिभीषण: ऱ्हाऊ दे काय? मघाशी कोन बोललं, बिननावाचं प्रमाण चालत न्हाय म्हणून? मीच की! दुसऱ्याच्या गळ्यात घालायला ग्यान लई सोपं आसतंय. हरिबा खोटं का बोलला तुमाला म्हाईत हाय?

झीनत: लाज वाटली असेल.

बिभीषण: लाज न्हाय. सुरुवात कुनी केली न्हाय. आगं, कीर्तनात बुवा चरण म्हणत्यात, मग आमी उचलतो. बुवा गप बसले तर एवढे पंधरा-वीस टाळकरी टाळ घिऊन नुसते खांबागत उभे. हरिबालाबी कमी ऐकू येतंय. मला म्हाईत हाय. त्यो मला बगून टाळ धरतो, मी मृदंगाला बगून. दोगंबी एकमेकाला सांगत न्हाय.

झीनत: अल्ला! पूर्ण मंडळच हाताकडं बघून चाललंय?

बिभीषण: देवाचं काम हाय, चालतंय! पर शेडात नवी पोरं कामाला लागत्यात, कानात बोळाबी घालत न्हाईत. त्येंनला सांगणार कोन? मालक? कुनीतरी चरण म्हणायला पायजे. लिही, नंदू. नावानिशी.

नंदिनी: आणि हरिबा मामा?

बिभीषण: हरिबाला मीच सांगतो, सप्त्याच्या आदी. समोर बसवून. म्हणतो, मर्दा, मलाबी ऐकू येत न्हाय आन् तुलाबी येत न्हाय, आता सतरंजीवर बसायचं तर दोगं बसू, न्हायतर दोगं उभं ऱ्हाऊ. बगू काय म्हणतो.

झीनत: काय म्हणतील असं वाटतं?

बिभीषण: आधी वराडंल. कबुतरं उडत्याल. मग टाळ घील.

झीनत: काका, तुमची चिठ्ठी पहिली ठेवते. पांढऱ्या टॉवेलच्या मधोमध.

बिभीषण: मधी नगं. शेवटी ठेव. नाव शेवटी येतंय.

नंदिनी: नाव काय लिहू? पूर्ण?

बिभीषण: पूर्ण म्हंजे पूर्णच. बिभीषण जोतिराम घोडके, मूळ गाव मंद्रूप. माग चालवतो. आन् टाळकरी हाय, हे इसरू नगं. ते आदी लिही, मागाचं मागनं.

नंदिनी: लिहिते. ...झालं, अण्णा.

बिभीषण: वाच की मग. मलाबी कळू दे, माझा अभंग कसा झालाय.

नंदिनी: ‘बिभीषण जोतिराम घोडके, टाळकरी, मूळ गाव मंद्रूप...’

बिभीषण: कागद जरा खाली धर, बाळ. तोंड दिसू दे.