मेहुणा, व्हायनिल आणि वरची खोली

…आणि म्हणे व्हायनिल! अहो, व्हायनिल जमिनीवर घालतात, टेबलावर घालतात, छतावर कोणी घालतं का? पण मेहुणा म्हणाला, "भावजी, आता जग व्हायनिलवर आलंय." मी संशयी माणूस नाही, पण तुम्हाला सांगतो, ज्या मेहुण्यानं आजवर आमच्याकडे येताना साधा बिस्किटाचा पुडा आणला नाही, तो एकदम अख्खा छतवाला घेऊन येतो, म्हणजे काहीतरी शिजतंय की नाही?

शिजतच होतं. आमची वरची खोली गळायची म्हणून रिकामी होती, आणि ती रिकामी होती म्हणून मेहुणा त्याच्या घरी होता. बायकोनं सांगूनच ठेवलेलं, "गळती थांबली की भाऊ वर राहायला येईल." आता या माणसाला मी ओळखतो. मी भिंतीत खिळा ठोकायला घेतला की हा मागे उभा… "भावजी, तुमचं चुकतंय." मी चपला घालतोय… "भावजी, आधी डावी." हा कायमचा माझ्या डोक्यावर? त्यापेक्षा गळती बरी हो, ती निदान बोलत तरी नाही. बरं, मी काही केलं नाही असंही नाही. डांबर लावून बघितलं, पत्रे टाकून बघितले, तो पांढरा रंग फासून बघितला, सगळं मनापासून. तरी थोडं थोडं गळतच राहिलं, त्याला मी काय करू?

तर हा छतवाला. वर गेला आणि पहिलं काय केलं, तर बूट काढले. छतावर! "शीटला ओरखडा नको, साहेब." मग त्या व्हायनिलच्या शीटच्या गुंडाळ्या उलगडल्या, गरम हवेच्या बंदुकीनं कडा वितळवून एकमेकींना चिकटवल्या, वरून रोलर फिरवला, आणि मग एक बोथट आकडा घेऊन सांध्यासांध्यात खुपसत बसला. मी म्हटलं, "काय शोधताय?" म्हणाला, "उघडा राहिलेला सांधा." "सापडला?" "नाही." मी संशयी माणूस नाही, पण स्वतःच्याच कामात चूक शोधणारा कारागीर तुम्ही पाहिलाय कुठे?

पुढे ऐका. पाणी जायच्या नळ्यांत बोळे कोंबले, छतावर घोटाभर पाणी सोडलं आणि म्हणाला, "उद्यापर्यंत असंच राहू दे. गळायचं असेल तर गळेल." मला तर नवसंजीवनीच मिळाली! वरच्या खोलीत फरशीभर वर्तमानपत्रं अंथरली, थेंब पडला की दिसावा म्हणून, मधोमध खुर्ची टाकली आणि बसलो छताकडे बघत. दुपार झाली, मान आखडली… कोरडं. बायको चहा देऊन गेली, तो मान वर ठेवूनच प्यायलो, आणि सहज खाली बघतो तर काय, बरोबर माझ्या राशिभविष्यावर ओला डाग! "गळलं! गळलं गं!"

बायको धावत आली. वाकली, डागाला बोट लावलं, बोट जिभेला लावलं. "यात साखर आहे," म्हणाली. "एक विचारू? गळलं म्हणून तुम्ही एवढे खूश का झालात?"

"खूश कुठे? हादरलोय मी!" म्हटलं. पण तिनं ते ऐकून सोडून दिलं. तुम्हाला सांगतो, नवरा संशयी असला तर चालतं, बायकोला संशय आला की संपलं.

दुसऱ्या दिवशी बोळे काढून छतावरचं पाणी जाऊ दिलं, खोली कोरडी ठणठणीत. संध्याकाळी मेहुणा वळकटी घेऊन दारात. आत आला, ती खुर्ची बघितली आणि म्हणाला, "भावजी, ही इथे चुकीची ठेवलीये."

अख्खा पावसाळा गेला, त्याच्या खोलीत एक थेंब नाही. आणि मग एके दिवशी आमच्या खालच्या खोलीत, बरोबर माझ्या उशीवर… टप. मी संशयी माणूस नाही, पण म्हटलं आता सापडला बेटा! बोलावलं छतवाल्याला. आला, बूट काढले, छत बघितलं, मेहुण्याची खोली बघितली, मेहुण्यानं तिथल्या बेसिनचा नळ स्वतःच्या हातानं दुरुस्त केला होता तोही बघितला. मग खाली आला, शांतपणे बूट चढवले आणि म्हणाला, "साहेब, छताची गॅरंटी माझी. त्याच्याखाली तुम्ही जे ठेवून घेतलंय, त्याची नाही."