तापल्यावर तुकडे? नाही म्हणजे नाही!

...आणि वर मलाच विचारते, "सर, मुद्दाम विसरलात ना?" मुद्दाम? मी? अहो, घराला कुलूप लावलं की नाही हे बघायला मी तीनदा जिना चढतो, मी काय मुद्दाम विसरणार! आणि विचारणारी कोण, तर आमची विभागप्रमुख, माझीच विद्यार्थिनी, हिने माझ्या डोळ्यांदेखत काचेचे चार चंबू फोडलेत! तर ही काल सकाळी म्हणाली, "सर, नवीन यंत्र आलंय, बटण दाबलं की झालं. काचेच्या नळ्या-चंबूंवरचं ऊर्ध्वपातन आज शेवटचं. मुलांना एकदा दाखवा, मग सामान माळ्यावर आणि तुम्ही घरी, आराम!" आराम! निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, दर मंगळवारी प्रयोगशाळेत येतो तो काय दमायला?

म्हटलं, शेवटचं तर शेवटचं, पण असं करीन की बघत राहाल! ॲसिटोन आणि पाणी, निम्मं-निम्मं. ॲसिटोन आधी उकळणार, वाफ थंड नळीतून थेंब-थेंब पलीकडे, पाणी मागे चंबूत. सोपं! थर्मामीटर तीनदा तपासला, नळ्या चारदा, बूच पाचदा... शेगडी लावली, चंबू चांगला तापला आणि तेव्हा आठवलं! चिनीमातीचे तुकडे टाकायचेच राहिले! अहो, ते चार तुकडे असले की द्रव शहाण्यासारखा उकळतो, नसले की उसळतो. आणि तापल्यावर टाकलेत तर? फस्सकन सगळं बाहेर, खाली शेगडी, ॲसिटोनचा भडकाच! अडतीस वर्षं हेच तर शिकवलं!

चूक माझीच, कबूल! पण तापल्यावर तुकडे टाकणार नाही म्हणजे नाही!

शेगडी बंद केली आणि चंबू गार व्हायची वाट बघत स्टुलावर बसलो. विभागप्रमुख कानाशी येऊन, "सर, टाका ना दोन, कोण बघतंय!" कोण बघतंय? चाळीस पोरं बघतायत! मागून एक कुजबुजला, "आजोबा रुसले." रुसले तर रुसले! वीस मिनिटं गेली, चंबूला हात लावला, अजून कोमटच. मनात आलं, आपण उगाच तर घाबरत नाही ना? म्हातारपणी भित्रेपणालाच तत्त्व म्हणत नाही ना? असेन भित्रा! पण तापल्यावर तुकडे टाकणार नाही म्हणजे नाही!

तेवढ्यात शिपाईमामा किल्ल्या वाजवत दारात. "सर, पाच वाजले."

एक थेंब पडला नाही हो पलीकडे! विभागप्रमुखांनी कपाळाला हात लावला. "आता पुढच्या मंगळवारी पुरं करा. काय करणार!" आणि मग तो प्रश्न... मुद्दाम विसरलात ना?

घरी बायकोला सांगितलं. ही भाजी निवडता निवडता म्हणते, "अहो, मग पुढच्या मंगळवारीही विसरा की!"

कालपासून तेच घोकतोय, तुकडे विसरायचे, तुकडे विसरायचे... आता तुम्हीच सांगा, इतकं घोकल्यावर ते विसरणार आहेत का?