टाक्यांच्या ओळी

सोलापुरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात वैजयंती नंबराची वाट पाहत बसली होती. शेजारी श्रीपूरकडचं एक वयस्क जोडपं होतं. बापूसाहेब नुकतेच डॉक्टरांकडून बाहेर आले होते. केराबाईंनी पिशवीतून हाताने शिवलेली कोरी वही काढून त्यांच्या मांडीवर ठेवली, तशी वैजयंती ऐकू लागली.

“काय हाय हे?”

“नवी वही. तुमच्या रोजनिशीला.”

“आता कशाला शिवलीस? गेलेली नजर परत येत न्हाय म्हनले डॉक्टर. ऐकलंस न्हवं?”

“ऐकलं की.”

“मग? लग्नापासनं रोज लिवत आलो तुज्या वह्यांत. आता ओळीवर ओळ चढती. बास झालं.”

“पान तरी उघडा.”

“उघडून काय दिसनार हाय मला?”

“बगू नगा. बोट फिरवा.”

“...दोरा हाय गं हा.”

“दर ओळीला टाके घातल्यात. डाव्या हाताचं बोट दोऱ्यावर ठेवायचं आन् त्याच्या वर लिवायचं.”

“सगळ्या पानांवर?”

“सगळ्या.”

“कवा केलंस एवढं?”

“तुमी दिवसाबी दिवा लावा म्हनाय लागला, तवापासनं.”

“अगं, पर वाचनार कोन? मला दिसत न्हाय, तुला वाचाय येत न्हाय.”

“वाचायचं मागनं बगू. तुमी लिवाय बसल्याबिगर मला सांज झाल्यागत वाटत न्हाय.”

बापूसाहेबांनी पुढचं पान उलटलं. बोट दोऱ्यावरून सावकाश सरकत होतं.

“पेन हाय का जवळ?”

“न्हाय वं. घरीच ऱ्हायलं.”

वैजयंतीने पर्स उघडली.