चार वाजून सहा मिनिटं

ताई: मग तूच ये बाहेर आणि सांग त्यांना. माणसं चार, खुर्ची एक. जो तो मोबाइल माझ्या नाकासमोर धरतोय आणि सगळ्यांच्या मेसेजमध्ये वेळ एकच. चार वाजून सहा मिनिटं.

भाऊ: बघतोय ना, ताई. थांब जरा.

ताई: सकाळीही दहा वाजून सहाला असाच घोळका. वाटलं, आले असतील लवकर. अकरा वाजून सहाला पुन्हा तेच. एका बाईंचा गाल हा एवढा सुजलेला. उभं राहायलाही जागा नाही म्हणून निघून गेल्या बिचाऱ्या.

भाऊ: डेटाबेसमध्ये वेळा बरोबर आहेत. हे बघ. चार, सव्वाचार, साडेचार, पावणेपाच.

ताई: डेटाबेस नाही आला दात दाखवायला.

भाऊ: अगं, म्हणजे घोळ मेसेजमध्ये आहे. काल संध्याकाळपर्यंत नीट जात होते.

ताई: काल काय केलंस तू?

भाऊ: तूच म्हणालीस, वेळेपुढचे ते सेकंदाचे शून्य काढ, पेशंटना बिलाचा आकडा वाटतो.

ताई: शून्य काढ म्हणाले. अक्कल काढ नाही म्हणाले.

भाऊ: ...सापडलं.

ताई: बोल.

भाऊ: हसणार नाहीस?

ताई: हसायच्या अवस्थेत आहे का मी?

भाऊ: डेटाबेसमधून वेळ काढताना ती कशी दाखवायची, ते सांगावं लागतं. आधी तास, मग मिनिटं. मी मिनिटांच्या जागी एमएम लिहिलं. या डेटाबेसमध्ये एमएम म्हणजे महिना.

ताई: महिना?

भाऊ: जून. सहावा.

ताई: म्हणजे तू लोकांना सांगितलंस की चार वाजून जून मिनिटांनी या.

भाऊ: तसंच काहीसं.

ताई: आणि पुढच्या महिन्यात?

भाऊ: चार वाजून सात. डिसेंबरात जवळजवळ सव्वाचार झाले असते.

ताई: तोपर्यंत दवाखाना राहिला असता तर. अरे, पाठवायच्या आधी एकदा बघायचं तरी.

भाऊ: बघितलं होतं. एकच मेसेज बघितला, तोही घाईत. चार वाजून सहा, वेळ वाटली. चुकीचं काही दिसेना.

ताई: चार वाजून सहाची अपॉइंटमेंट कोण देतं रे जगात?

भाऊ: आता कळतंय. मिनिटांना एमआय. दोनच अक्षरं. हे बदललं.

ताई: तसं नाही चालायचं. उद्याचे सगळे मेसेज काढ, समोर ठेव, एकेक वाच. मी पण वाचते.

भाऊ: दहा. सव्वादहा. साडेदहा. पावणेअकरा.

ताई: पुढे.

भाऊ: बरोबर आहेत, ताई. सगळे वाचले. आता प्रत्येकाला नवा मेसेज पाठवतो, खाली माफी लिहून. आणि त्या बाईंचा नंबर दे, मीच बोलतो.

ताई: मी बोलले मघाशी. दुसरीकडे दाखवलं त्यांनी. औषध मिळालंय, ते एक बरं झालं. परत येणार नाहीत आपल्याकडे, ते सोड.

भाऊ: माझ्यामुळे.

ताई: तुझ्यामुळेच. मग काय माझ्यामुळे?

(बाहेरून मदतनीसबाई दारावर टकटक करतात.)

ताई: आले, आले. खुर्चीतल्या पेशंटना गुळण्या करायला सांगा तोवर. आणि हे बघ, बाहेर बाबा बसलेत.

भाऊ: बाबा? ते कशाला?

ताई: कवळी टोचतेय. कालच नंबर लावला होता मी. तुला नाही सांगितलं. तू नोकरी सोडलीस तेव्हापासून तुमचा अबोला, म्हटलं, तू आज यायचाच नाहीस नाहीतर.

भाऊ: त्यांनाही तोच मेसेज गेला असेल.

ताई: चार वाजायच्या आधीच आले होते. जिन्यात उभे राहिले, घड्याळ बघत. मी म्हटलं, बाबा, आत या. तर म्हणाले, अजून चार वाजून सहा झाली नाहीत.

भाऊ: तू सांगायचंस ना, मेसेज चुकलाय म्हणून.

ताई: सांगितलं. ऐकेनात. पोराने मिनिटासकट वेळ काढलीय म्हणे, काहीतरी हिशेब असेलच त्याचा.

भाऊ: ...असं म्हणाले?

ताई: सगळ्यांदेखत. ते बाकीचे कावलेले, आणि हे तुझी बाजू घेऊन भांडतायत.

भाऊ: त्यांची खरी वेळ कोणती?

ताई: पावणेपाच. जा, तू सांग त्यांना.

भाऊ: माझ्याशी बोलतील?

ताई: सहा कुठून आले, ते तरी विचारतील.