ज्यानं मागवलं त्यालाच घंटी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, संगणक विभागातले ह्यांचे सहकारी आणि मनातून चहाची वाट पाहणाऱ्या सर्व बंधुभगिनींनो,

‘वहिनींनीही दोन शब्द बोलावेत’ असं मघाशी तुम्हीच ठरवलंत. आता ऐका.

अध्यक्षांनी ह्यांच्या ज्या कामाचं कौतुक केलं, ते जेवताना ऐकून ऐकून मला पाठ झालंय. संगणकात अनेक कोअर असतात, म्हणजे अनेक कामकरी. एखादा कोअर डिस्ककडे माहिती मागतो आणि वाट न बघता दुसऱ्या कामाला लागतो. माहिती आली की घंटी वाजते. पूर्वी मागणारा कुणीही असो, घंटी पहिल्याच कोअरला. तो बिचारा हातातलं टाकून निरोप पोचवत बसायचा. ह्यांनी अशी सोय केली, की ज्यानं मागवलं त्यालाच घंटी. उत्तम. टाळ्या मीही वाजवल्या.

पण घरी काय? प्लंबरला बोलावणार हे, नंबर देणार माझा. सुतार, विमा एजंट, गॅरेजवाला, सगळ्यांचं ‘झालं बरं का मॅडम’ माझ्या कानात. मी गाडी चालवायला शिकवते हो. शिकणाऱ्या बाई चढावर, मी जीव मुठीत धरून शेजारी, आणि प्लंबर सांगतोय की नळ बसला. मी त्याचं काय करू? ह्यांना विचारलं तर म्हणतात, मी कामात असतो. मग मी काय हवा खात असते?

हसा. पण गेल्या वर्षी ह्यांनी स्वतःच्या अंगावरच्या एका गाठीची तपासणी करून घेतली, तेव्हा लॅबलाही नंबर माझाच दिला. गाठ साधी नाही, हे मला भर रस्त्यात कळलं. शेजारच्या बाईंना ‘आता गिअर बदला’ म्हणत मी तो तास पुरा केला. संध्याकाळी हे घरी येईपर्यंत ती बातमी एकटीनं सांभाळली. फार राग आला होता. अजून आहे. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही सगळे दवाखान्यात येऊन गेलात. आता तब्येत बरी आहे.

परवा पुन्हा तपासणीचा रिपोर्ट येणार आहे. आज सकाळी मी लॅबला फोन करून नंबर बदलून घेतला. ह्यांना हे आत्ताच कळतंय, चेहरा बघा.

इतकी वर्षं तुम्ही ह्यांना सांभाळून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. रागाच्या भरात काही अधिकउणं बोलले असेन, तर पोटात घाला. आणि अहो, परवा मी सुट्टी घेतलीय. फोन वाजेल तेव्हा मी शेजारीच बसलेली असेन. पण उचलायचा तुम्हीच.