निवास शेवाळेची धूसर लेन्स

एक प्रश्न विचारतो. उत्तर मोठ्यानं देऊ नका — शेजारी घरची माणसं बसलीत!

समजा, कुणीतरी तुम्हाला फसवलं. खोटी वस्तू गळ्यात मारली. मारणारा पसार! वस्तू मात्र तुमच्या घरात. आता सांगा — तीच वस्तू गप्प राहून तिसऱ्याच्या गळ्यात मारायचा हक्क आपल्याला मिळतो की नाही?

बघा, पुढच्या रांगेतले हसले! फाटकी नोट हातात आली की आपण काय करतो? आधी वाण्याकडे चालते का बघतो. मग एस्टीत कंडक्टरच्या हातात घडी करून सरकवतो. आणि कुठंच नाही चालली की? — दानपेटीत! देव काही नोट उलटून बघत नाही!

असो. तर मंडळी, ऐका. कराडच्या पुढं उंब्रजजवळ निवास शेवाळे नावाचा फोटोवाला. वय चाळिशीच्या अलीकडं. छोटा स्टुडिओ, पासपोर्ट फोटो, बारशी, लग्नं. माणूस गरीब स्वभावाचा, पण एक वेड — कुस्ती! स्वतः पैलवान नाही हं, फुंकर मारली तर उडेल! पण कुस्तीचे फोटो काढावेत, पैलवानाच्या कपाळावरची माती दिसावी, असे काढावेत, ही त्याची हौस.

आता कुस्ती होते आखाड्यात आणि फोटोवाला बसतो दोरीबाहेर. लांबचं जवळ आणायला लांब लेन्स लागते. लेन्स म्हणजे कॅमेऱ्याच्या पुढं लावतात ते काचांचं नळकांडं. कॅमेऱ्यापेक्षा ते महाग! नवं घेणं निवासला शक्यच नव्हतं. म्हणून वापरलेलं शोधायला लागला. मोबाईलवर रोज बघायचा. बायको म्हणायची, "मुलीसाठी स्थळं बघावीत तसं बघताय!"

शेवटी पुण्यात एक सापडली. विकणारा काय गोड बोलायचा! "दादा, घरातल्या माणसासारखी जपलीय!" भर दुपारी एका पार्किंगमध्ये बोलावलं. लखलखीत ऊन. निवासनं चार फोटो काढले. काय फोटो! समोरच्या लिंबाचं पान न् पान मोजता येईल! दोन वर्षं साठवलेले पैसे दिले आणि लेन्स पोटाशी धरून गावी आला. तान्हं लेकरू आणावं तशी!

आठ दिवसांनी जत्रेचं मैदान. तात्याबा वस्तादांनी निवासला मुद्दाम बोलावलेलं. वस्ताद म्हणजे तालमीचे गुरू, सत्तरीचे. म्हणाले, "निवास, माझा पठ्ठ्या संग्राम चार वर्षांनी मातीत उतरतोय. गुडघा मोडला हुता त्येचा. डाक्टर म्हणलं हुतं, कुस्ती इसरा. त्येचा येक फोटू पायजे. तालमीत लावायचाय."

दिवे लागले. समोरासमोर मोठे मोठे दिवे. संग्रामची कुस्ती लागली आणि बाराव्या मिनिटाला त्यानं समोरच्याला चीत केलं! मैदान उठलं! फेटे उडाले! वस्ताद रडत होते, संग्राम वस्तादांच्या पायावर — आणि निवास खटाखट खटाखट फोटो!

घरी येऊन पडद्यावर बघतो — पांढरं! सगळं दुधात बुडवल्यासारखं पांढरं. पैलवान म्हणजे एक सावली, वस्ताद म्हणजे दुसरी सावली. एक फोटो धड नाही!

दुसऱ्या दिवशी वस्तादांना दाखवायला गेला. जावंच लागलं. वस्तादांनी चष्मा पुसला, परत बघितलं. म्हणाले, "मैदानात धुकं पडलं हुतं का रं?" निवासनं फोटो मागं घेतला. वस्तादांनीच पाठीवर हात ठेवला. पण मंडळी, शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं हो त्याला!

पुण्याच्या माणसाला फोन लावला — लागेना. दहा वेळा लावला — लागेना. मग कोल्हापूरला शिरगुप्पेकाका म्हणून जुने कारागीर आहेत, त्यांच्याकडं गेला. काकांनी लेन्सच्या मागून बॅटरी मारली आणि म्हणाले, "हे बघ." आत काचेवर बारीक बारीक जाळं! बुरशी! आपल्या लोणच्याला येते, तशी काचेलाही येते, मंडळी. दमट जागी वर्षानुवर्षं ठेवली की येते.

काकांनी उघडून साफ केली. पण म्हणाले, "काचेवरचा मुलामा खाल्लाय तिनं. तो काही परत येत नाही. दिवसा, ऊन पाठीशी ठेवून फोटो काढ — ही लेन्स राजा आहे! समोरून दिवा आला की मात्र धूसर होणार."

निवास परतला. आणि इथं आतला वकील उभा राहिला! प्रत्येकाच्या आत एक वकील असतो, फी घेत नाही, पण केस मात्र रोज लढतो! तो म्हणाला, "विकून टाक. तुला सांगितलं होतं का कुणी? मग तू का सांगायचं? भर दुपारी बोलव, उन्हात दाखव. झालं!"

निवासनं जाहिरात टाकली. 'उत्तम अवस्थेतली लेन्स.' तिसऱ्या दिवशी तासगावहून फोन. बाईचा आवाज. "दादा, मी रुक्साना मुल्ला. रविवारी येऊ का?" निवास म्हणाला, "या की. बारा वाजता या."

बारा वाजता हं! शिकला की नाही लगेच?

रुक्साना आली. पंचविशीची मुलगी, बरोबर आई. दोन एसट्या बदलून आलेल्या. माऊलीचा पदर घामानं भिजलेला. रुक्सानानं लेन्स लावली, अंगणात उभी राहून फोटो काढले. आणि तिचा चेहरा असा फुलला! "अम्मी, बघ! त्या चिमणीचा डोळा बघ!" आई म्हणाली, "छान आहे गं. घेऊन टाक, परतीची गाडी आहे."

बॅटरी लावून बघायचं तिला ठाऊकच नव्हतं. व्यवहार झालाच होता! निवास डबी आणायला वळला. नुसतं बोलायचं म्हणून विचारलं, "कशाचे फोटो काढणार, ताई?"

"कबड्डीचे. मी खेळायचे ना! आमच्या तालुक्यात पोरी एवढ्या छान खेळतात, पण त्यांचे फोटो कुणी काढतच नाही. येत्या महिन्यात सामने आहेत. संध्याकाळचे. लाईटखाली."

लाईटखाली!

मंडळी, डबी हातात तशीच राहिली. आतला वकील ओरडत होता, "गप्प बस!" आणि निवासच्या डोळ्यांपुढं काय आलं? चष्मा पुसणारे वस्ताद. उद्या ही मुलगी कुणा पोरीच्या आईपुढं असाच पांढरा फोटो धरून उभी राहणार. आणि तिथं उभं करणारा कोण? पुण्याचा माणूस नव्हे. मी!

"ताई," तो म्हणाला, "ही घेऊ नका."

सगळं सांगितलं. स्वतः बॅटरी काढली, काचेवरचे डाग दाखवले. मैदानातले ते फोटोही दाखवले. रुक्सानानं लेन्स परत केली. पण आई कडाडली! "मग आम्हाला उन्हातान्हाचं एवढ्या लांब कशाला बोलावलंस, बाबा?"

खरं आहे की नाही? अहो, खरं बोलला म्हणून लगेच हार घालतील असं थोडंच आहे! खरं उशिरा बोललं तर आधी बोलणी खावीच लागतात. निवास म्हणाला, "चुकलो, मावशी. विकायचंच ठरवलं होतं. शेवटी गप्प राहवलं नाही, एवढंच."

आई पाणी प्यायली. मग रुक्साना म्हणाली, "दादा, ती बॅटरी इकडं द्या. काय काय बघायचं असतं, ते नीट शिकवा."

परतीची गाडी चुकली, मंडळी! दोन तास तो शिकवत होता. काच कशी बघायची, उजेड कमीजास्त करणारी आतली पाती उघडमीट करतात का, रिंग अडकते का, दिव्यासमोर एक फोटो काढल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. निवासच्या बायकोनं पोहे केले. आईनं दोनदा घेतले, म्हणजे राग गेला!

पुढं रुक्सानानं सांगलीत एक लेन्स बघितली. तिथूनच फोन, "दादा, आत जाळं आहे!" निवास म्हणाला, "उठा तिथून!" दुसरी मिरजेत — तीही सोडली. तिसरी इस्लामपुरात मिळाली. स्वच्छ!

आणि महिन्यानं निवासच्या मोबाईलवर एक फोटो आला. कबड्डीची पोरगी आडवी झेपावलीय, मागून दोघींनी पाय धरलेत, आणि बोटाचं टोक रेषेला टेकलंय! मागं दिवे. उडालेल्या मातीचा कण न् कण चमकतोय. निवास कितीतरी वेळ बघत बसला. लेन्स त्याची नव्हे, फोटो त्याचा नव्हे. पण त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला!

त्याची लेन्स? आहे की त्याच्याकडंच. सकाळच्या उन्हात हळदीची शेतं काढतो, हळदीच्या नवऱ्या काढतो. सुखात आहे.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, दुसऱ्याची गोष्ट सांगणं सोपं. बरोबर आहे! म्हणून स्वतःची सांगतो.

नऊ वर्षांपूर्वी मी माझी जुनी पेटी वडूजकडच्या एका भजनी मंडळाला विकली. भात्याला भोक होतं, घडीच्या आत. जोरात वाजवली तर कळायचं नाही. हळू सूर धरला की तुटायचा. मी दाखवताना कशी वाजवली असेल? — जोरात! त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

निवासची गोष्ट कानावर आली आणि झोप उडाली. परवा त्या मंडळाच्या गुरवसरांना फोन केला, सगळं कबूल केलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "महाराज, आम्हाला इतकी वर्षं वाटायचं, आमच्यातच कुणाला हळू वाजवता येत नाही."

ऐकलंत? नऊ वर्षं ती साधी माणसं स्वतःला नावं ठेवत बसली. माझ्या गप्प बसण्यामुळं!

उद्या सकाळी जातोय, नवा भाता घेऊन. मी वडूजकडच्या त्या गावाला निघालो. तुम्ही कुठल्या गावाला निघणार? डोळे मिटा. एखादी गाडी, एखादं जनावर, मुलाचं स्थळ, गळकी खोली... कुणापुढं गप्प बसलात, ते एक तोंड आठवा.

आठवलं? मग आता मोकळ्या गळ्यानं नाव घ्या — विठ्ठल, विठ्ठल!