नुसतं डोकं दुखतंय

स्टीलच्या डब्याचं झाकण टणकन फरशीवर पडलं आणि इमर्जन्सीबाहेरची शांतता मोडली. बोटाला टाके पडलेल्या लेकीला मांडीवर घेऊन बसलेली एक बाई ते उचलायला ओशाळून वाकली. शेजारच्या बाकावर एक गरोदर सून होती, सासू होती. नर्स सुनेच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळत होती.

“कितवा महिना?”

“आठवा. पण पोटाचं काही नाही हो सिस्टर, नुसतं डोकं ठणकतंय.”

“मोबाइल, दुसरं काय! मी म्हटलं, आधी चष्म्याचा नंबर काढ. तर हिला मोठ्या दवाखान्याची हौस.”

“थांबा हो आजी. ताई, डोळ्यांपुढे काही चमकतं?”

“सकाळपासून ठिपके नाचतायत.”

“चेहऱ्याला सूज कधीपासून?”

“सूज कसली? माहेरी राहून गुबगुबीत झालीय!”

“पुन्हा एकदा मोजते... ताई, डाव्या कुशीवर व्हा. वॉर्डबॉय मामा, स्ट्रेचर! डॉक्टर मॅडमना बोलवा, लगेच.”

“अगं, पण बाळ तर मस्त लाथा मारतंय!”

“मारू दे. धोका आत्ता आईला आहे. बीपी फार वाढलंय, फिट येऊ शकते. मॅडम म्हणाल्या, तर बाळ आजच काढावं लागेल.”

“आजच? अजून महिना आहे की!”

“आई, तुम्ही आत चला ना माझ्याबरोबर.”

“आले गं, आले. हात दे. मला मेलीला चष्माच सुचला!”

स्ट्रेचर दाराआड गेलं. मांडीवरच्या लेकीनं टाके पडलेलं बोट त्या दाराकडे केलं.

“आई, आजच यायचंय, हे त्या बाळाला कुणी सांगितलं का?”